यक्षाच्या हातावरचं नाव

कन्नड तालुक्यात, गौताळा अभयारण्याच्या जंगलात पितळखोऱ्याची लेणी आहेत. वेरूळ-अजिंठ्याला जाणारी गर्दी तिकडं फारशी फिरकत नाही. ही लेणी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची, सातवाहनांच्या काळातली. 1950 च्या दशकात पुरातत्त्व खात्यानं तिथला ढिगारा उपसला, तेव्हा एक यक्ष सापडला. ढेरपोट्या, हसऱ्या चेहऱ्याचा, डोक्यावरचं पसरट भांडं दोन्ही हातांनी सावरणारा. आज तो दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हाताच्या मागच्या बाजूला ब्राह्मी लिपीत कोरलंय की ही मूर्ती कण्हदास नावाच्या सोनारानं केली.

त्याच लेण्यांत दान देणाऱ्यांचेही लेख आहेत. पैठणच्या एका गंध्याच्या घराण्याचं दान आहे. मगिल नावाच्या राजवैद्याचं दान आहे, आणि त्याच्या मुलीचं आणि मुलाचंही.

एका वैद्याचं नाव आणि एका कारागिराचं नाव, एकाच डोंगरात. मी जेव्हा जेव्हा आमच्याकडच्या एखाद्या सरकारी दवाखान्यात जातो, तेव्हा मला ही जोडी आठवते. दवाखान्याच्या दर्शनी भिंतीवर कोनशिला असते, त्यावर उद्घाटन करणाऱ्याचं नाव असतं. वैद्यकीय अधिकाऱ्यांचा फलक असतो. बाकावर, पंख्यावर, थंड पाण्याच्या टाकीवर कुणाच्या तरी स्मरणार्थ असं लिहिलेलं असतं. पण तो पंखा ज्यानं लावला, बिघडल्यावर पुन्हा फिरता केला, त्याचं नाव कुठंच नसतं. ग्रामीण दवाखान्याला डॉक्टरइतकीच वायरमनची, प्लंबरची, वेल्डरची, सुताराची गरज आहे. त्यांचं कसब हे पैशाच्या देणगीइतकंच मोठं दान आहे. ते आपण नीट मागायला शिकलो नाही आणि घ्यायलाही शिकलो नाही. या लेखात मला एवढंच पटवून द्यायचं आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या घरातल्या एका सुनेला बाळंतपणासाठी एका ग्रामीण रुग्णालयात नेलं होतं. गावाचं नाव सांगत नाही; कारण ते कुठलंही गाव असू शकतं. डॉक्टर हजर होत्या, सिस्टर हजर होत्या, औषधं होती. वरच्या मजल्यावरच्या प्रसूतीच्या वॉर्डात पाणी नव्हतं. खाली बोअर चालू, मोटर चालू, वर नळ कोरडे. बायांचे नातेवाईक रात्रभर बादल्या घेऊन जिना चढत होते. एक म्हातारी जिन्यात घसरली, नशिबानं फक्त गुडघा खरचटला. सिस्टर म्हणाल्या, अर्ज दिलाय, सहा महिने झाले. सकाळी दुसऱ्या एका बाळंतिणीचा भाऊ आला. तो संभाजीनगरात नळजोडणीची कामं करायचा. गच्चीवर गेला, टाकीत हात घातला, बॉलकॉक अडकलेला होता आणि खालच्या जोडातलं वायसर झिजलं होतं. बाजारातून सामान आणून तासाभरात त्यानं पाणी सुरू केलं. चहा प्यायला आणि भाच्याचं तोंड बघून कामावर निघून गेला. त्याचं नाव मी विचारलं नाही, ही माझी चूक आजही मला टोचते.

ते सहा महिने आणि तो एक तास, यांच्यामधलं अंतर हाच खरा विषय आहे.

हे अंतर नेहमी बादल्यांवर निभावत नाही. 9 जानेवारी 2021 च्या मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या नवजात शिशूंच्या कक्षात आग लागली आणि दहा बाळं गेली. त्याच वर्षी 21 एप्रिलला नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकी भरताना ऑक्सिजनची गळती झाली, पुरवठा खंडित झाला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. 6 नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या अतिदक्षता कक्षाच्या आगीत अकरा जणांचा जीव गेला. भंडाऱ्याची बाळं आजारपणानं गेली नाहीत. नाशिकमध्ये रुग्णांच्या श्वासाशी बांधलेली पाइपलाइन त्या अर्ध्या तासात सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट होती, आणि तिथं डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं. आपण या घटनांच्या चौकश्या वाचल्या, निलंबनं वाचली. पण त्यातून आपली समजूत बदलली नाही. दवाखाना म्हणजे डॉक्टर, हेच आपल्या मनात अजून पक्कं आहे. तारा, नळ, झडपा, मोटर, अर्थिंग हे दवाखान्याचं अंग आहे, त्याला रोज कुणी तरी हात लावून पाहिलं पाहिजे, हे आपल्या मनात उतरलेलं नाही.

जगात याचा अभ्यास झाला आहे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचे अभियंते रॉबर्ट माल्किन आणि त्यांचे सहकारी आफ्रिकेतल्या आणि इतर गरीब देशांतल्या रुग्णालयांत बंद पडलेल्या यंत्रांचा मागोवा घेत होते. 2011 साली त्यांच्या गटानं मांडलं की अशा ठिकाणची साधारण 40 टक्के वैद्यकीय उपकरणं बंद असतात. त्याआधीच्या एका पाहणीत 11 देशांतल्या 60 रुग्णालयांतल्या 2,849 दुरुस्त्यांची नोंद त्यांनी तपासली. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश यंत्रं परदेशी सुटा भाग न आणता, साध्या कौशल्यावर पुन्हा सुरू होण्यासारखी होती. ही कौशल्यं त्यांनी मोजली, ती 107 भरली. ती कुठली? विजेची जोडणी, फ्यूज, मोटर, नळकाम, यांत्रिक जोडकाम, आणि यंत्र कसं वापरायचं हे शिकवणं. म्हणजे आमच्या आयटीआयच्या वीजतंत्री, जोडारी, नळ कारागीर या अभ्यासक्रमांची यादीच. (सरकारी कागदावरचे हे शब्द किती नेटके आहेत, पण गावात सगळे इलेक्ट्रिशियन, फिटर, प्लंबर असंच म्हणतात.)

आफ्रिकेतल्या मिशन दवाखान्यांचं नाव निघालं की मराठी वाचकाला अल्बर्ट श्वाइट्झर आठवतात. 1913 साली ते गॅबनमधल्या लांबारेनेला गेले. पहिले रुग्ण त्यांनी कोंबड्यांच्या खुराड्यात तपासले, हे आपण शाळेपासून ऐकतो. पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. पहिल्या महायुद्धानंतर 1924 मध्ये ते परत गेले तेव्हा दवाखाना जवळजवळ जंगलानं गिळला होता. छपरं कुजली होती. तेव्हा ते सकाळी डॉक्टर आणि दुपारनंतर गवंडीकामाचे मुकादम असे दिवस काढू लागले. नंतर नदीच्या वरच्या अंगाला नवा दवाखाना उभा केला, तोही त्यांच्याच देखरेखीखाली. 1952 चं नोबेल शांतता पारितोषिक त्यांना मिळालं. त्यांच्या आयुष्यातली ती दुपारची पाळी मला सकाळच्या पाळीइतकीच मोलाची वाटते. छप्पर गळत असेल तर त्याखाली शस्त्रक्रिया होत नाही.

आपल्याकडंही असं घडलेलं आहे, आणि आफ्रिकेपेक्षा पुष्कळ जवळ. स्वित्झर्लंडचे अभियंते पिएर सेरेसोल यांनी पहिल्या महायुद्धानंतर 1920 मध्ये सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही चळवळ सुरू केली. ज्या देशांचे तरुण एकमेकांवर बंदुका रोखून उभे होते, त्यांनी एकत्र येऊन पडलेली घरं बांधायची, असा तिचा विचार. 1934 च्या जानेवारीत बिहारला भूकंप झाला, तेव्हा सेरेसोल स्वतः इथं आले आणि गावं बांधायला लागले. याच संघटनेचे देशोदेशीचे स्वयंसेवक 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला वरोऱ्याजवळच्या आनंदवनात येऊन राहिले. बाबा आमटे यांचं काम तेव्हा नुकतंच उभं राहत होतं. महारोग्यांच्या वस्तीकडं वरोऱ्यातला माणूस पाय वळवत नव्हता. हे परदेशी तरुण-तरुणी तिथं जेवत होते, झोपत होते, रुग्णांच्या बरोबरीनं दवाखान्याच्या इमारती बांधत होते. गावानं ते पाहिलं. त्या भिंती बांधताना गावाची भीतीही हलली. पैशानं हे झालं नसतं. पैसा मनिऑर्डरनं येतो. भिंत बांधायला माणसाला तिथं यावं लागतं, आणि आलेला माणूस पाहून दुसरा येतो.

गडचिरोलीला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी दवाखाना बांधताना आदिवासींना विचारलं, तुम्हाला कसा दवाखाना हवा? लोकांनी सांगितलं, मोठी पांढरी इमारत नको, आमच्या घरांसारखा हवा, सोबतच्या माणसांना राहायला जागा हवी. शोधग्रामचा दवाखाना तसाच झाला, दंतेश्वरी देवीच्या नावाचा. बांधणाऱ्यानं आधी विचारायचं असतं, ही गोष्ट तिथं ठळकपणे शिकायला मिळते. हातात हुन्नर असलेल्या माणसानंही ती विसरू नये.

जयपूर फूट या कृत्रिम पायाची गोष्ट मला सगळ्यांत जवळची वाटते. 1960 च्या दशकाच्या अखेरीस जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी हाडांचे डॉक्टर होते. रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर तिथं रुग्णांना हस्तकला शिकवत. शिक्षण थोडं, हातात पिढीजात कसब. परदेशी पाय आपल्या माणसाला उपयोगी नाही, त्याला मांडी घालता येत नाही, उकिडवं बसता येत नाही, चिखलात अनवाणी चालता येत नाही, हे शर्मांना दिसत होतं. टायर रिमोल्डिंगच्या धंद्यातलं रबर त्यांनी पायासाठी वापरून पाहिलं. डॉक्टरचं शरीरशास्त्र आणि कारागिराचा हात एकत्र आले, तेव्हा तो पाय झाला. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पातही असे कृत्रिम पाय बनवण्याची कार्यशाळा आहे. डॉ. सेठींना 1981 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि तो त्यांच्या कामाचा योग्य गौरव होता. पण रामचंद्र शर्मा हे नाव किती जणांना माहीत आहे?

आता दोन आक्षेपांना उत्तर द्यायला हवं, आणि दोन्ही खरे आहेत.

पहिला आक्षेप: हे सरकारचं काम आहे. बांधकाम खातं आहे, आरोग्य खात्याचे देखभालीचे ठेके आहेत, रुग्ण कल्याण समिती आहे. लोकांनी फुकट केलं तर सरकार हात झटकेल. मी हा आक्षेप मानतो. 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, त्यातून या समित्यांना थोडा मोकळा निधीही मिळू लागला. तो निधी मागणं, त्याचा हिशेब मागणं, नेमणुका मागणं हा आपला हक्क आहे आणि तो सोडायचा नाही. पण त्या रात्री बादली घेऊन जिना चढणाऱ्या म्हातारीला हक्काचा अर्ज दाखवून काय होणार होतं? ठेकेदाराचा माणूस जिल्ह्याहून येणार, तक्रार नोंदवल्यानंतर येणार, आणि मोठ्या यंत्रासाठी येणार. बॉलकॉकसाठी कुणी येत नाही. स्ट्रेचरच्या चाकात छर्रे संपलेत म्हणून कुणी येत नाही. खाटेचा उठवण्याचा दांडा वाकला, सलाइनच्या स्टँडचा पाया तुटला, प्रसूतिगृहाच्या दाराची कडी लागत नाही, यासाठी वर्षानुवर्षं कुणी येत नाही. आणि अशाच शंभर गोष्टींनी दवाखाना आजारी पडतो. आणखी एक आहे. गावचा वायरमन महिन्यातून एकदा दवाखान्यात जाऊन यादी करतो, तेव्हा सरकारकडं मागायचं काय हेही पहिल्यांदा नीट कागदावर येतं. 'लाइटचा प्रॉब्लेम आहे' असा अर्ज बाजूला पडतो. 'बाळांच्या खोलीच्या सर्किटवर भार जास्त आहे, वायर बदलावी लागेल, एवढे मीटर' असा अर्ज बाजूला सारणं अवघड जातं.

दुसरा आक्षेप मला जास्त अस्वस्थ करतो, म्हणून त्यावर थोडं थांबतो. कारागिराकडून फुकट काम करून घेण्याची आपली परंपरा जुनी आणि क्रूर आहे. बलुतेदारीत सुतार, लोहार, चांभार, कुंभार गावाचं काम करत. खळ्यावर धान्य मिळे, पण किती, हे देणारा ठरवी. आणि ज्यांच्या वाट्याला वेठ होती, त्यांना नाही म्हणायची सोयच नव्हती. महार वतनाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी का लढा दिला, हे मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगावं लागू नये. आजही शाळेला रंग द्यायचा असला की गावातल्या पेंटरला हाक जाते, "अरे, तुझंच पोर आहे ना शाळेत?" वकिलाला, डॉक्टरला, व्यापाऱ्याला अशी हाक जात नाही. त्यांच्याकडून पावती फाडून देणगी घेतात आणि सत्कार करतात. सेवेच्या नावाखाली ही जुनी वेठ परत येणार असेल, तर हा लेख लिहिला नसता तर बरं, असं मी म्हणेन.

म्हणून काही गोष्टी ठाम असल्या पाहिजेत. सामानाचा पैसा कारागिराच्या खिशातून जाता कामा नये. तो समितीचा किंवा दात्याचा. ज्याची रोजी बुडते त्याला रोजी द्यावी, आणि ती घेतली म्हणून त्याचं दान कमी होत नाही. कारण रविवार देणं हेही देणंच आहे. नाही म्हणायची मोकळीक हवी. आणि नाव लिहिलं पाहिजे. कण्हदासाचं नाव यक्षाच्या हातावर आहे, पायाखाली नाही.

आणखी एक अट कारागिरांनी स्वतःला घालायची. दवाखाना म्हणजे आपलं घर नव्हे. परवाना असलेल्या वायरमननंच वायरिंगला हात लावावा. ऑक्सिजनच्या लाइनला, एक्स-रेला, भुलीच्या यंत्राला, जंतुनाशनाच्या ऑटोक्लेव्हला त्या त्या तंत्रज्ञाशिवाय हात लावू नये. 'मी बघतो' हा आपला सगळ्यांचा आवडता शब्द तिथं धोक्याचा आहे. लहान, साधी, रोजची कामं इतकी आहेत की ती करण्यातच वर्ष जाईल.

हे जमेल का, असं विचारणाऱ्यांना मी आषाढी वारीत घेऊन जाईन. पालखीच्या वाटेवर ठिकठिकाणी नाभिक बांधव वारकऱ्यांची दाढी-हजामत फुकट करून देतात. चप्पल शिवणारे रस्त्याकडेला बसतात आणि तुटलेला अंगठा शिवून देतात, छत्री दुरुस्त करून देतात. डॉक्टरांची पथकं असतातच. कुणी त्यांना स्वयंसेवक म्हणत नाही, ते स्वतःला सेवेकरी म्हणतात. शेगावच्या गजानन महाराज संस्थानात पाळीपाळीनं येणाऱ्या सेवेकऱ्यांची शिस्त पाहायला लोक लांबून येतात. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात सेवा म्हणून भांडी घासणारा आणि भिंत बांधणारा यांत फरक करत नाहीत. म्हणजे हुन्नराचं दान आपल्या रक्तात आहे. फक्त ते देवाच्या वाटेवर आहे, दवाखान्याच्या वाटेवर आलेलं नाही. ज्या गाडगेबाबांनी काम केल्याशिवाय कुणाच्या घरचा घास खाल्ला नाही, त्यांनी देवाचा पत्ता कुठला सांगितला होता, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे.

कन्नडसारख्या तालुक्यात तर माणसांचा तुटवडाच नाही. आमची कितीतरी पोरं वाळूजच्या कंपन्यांत आहेत. तिथं त्यांना यंत्र बिघडण्याआधी तपासायला शिकवलेलं असतं. तारखेचा तक्ता भिंतीवर असतो, तेल कधी घातलं, पट्टा कधी बदलला, सही कुणाची. हीच पोरं सुट्टीला गावी येतात, आणि गावच्या दवाखान्यात जनरेटर शेवटचा कधी चालवून पाहिला हे कुणाला सांगता येत नाही. औट्रम घाटात अपघात झाला की जखमी आधी कन्नडलाच येतो. 2021 च्या ऑगस्टअखेरीस घाटात दरडी कोसळल्या, रस्ता बंद पडला. अशा रात्री वीज गेली आणि जनरेटर सुरू झाला नाही, तर पुढच्या शहरापर्यंत वेळ नसतो. वाळूजचा तो तक्ता दवाखान्याच्या भिंतीवर यायला पैसा लागत नाही. महिन्यातून एक रविवार आणि चार-पाच माणसं लागतात. आयटीआयच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना शिक्षकांसह घेतलं तर त्यांचंही शिक्षण होईल, पण कामाची जबाबदारी मुलांवर टाकू नये.

नवं बांधण्याचा उत्साह आपल्याकडं भरपूर आहे. पाणी फाउंडेशनच्या स्पर्धेत 2016 पासून गावंच्या गावं फावडी घेऊन उतरली, आम्ही ते डोळ्यांनी पाहिलं. देखभालीला असा उत्साह नसतो. त्यात फोटो काढण्यासारखं काही घडत नाही, कारण देखभाल नीट झाली तर काहीच घडत नाही. पंखा फिरत राहतो, पाणी येत राहतं. भंडाऱ्याच्या त्या खोलीत त्या रात्री काहीच घडलं नसतं, एवढीच देखभालीची किंमत आहे.

दवाखान्याच्या प्रमुखांना माझी विनंती आहे. देणगीदारांच्या फलकाशेजारी एक साधा काळा फळा लावा. डाव्या बाजूला लिहा, आज काय काय बंद आहे. मधे, ते केव्हापासून बंद आहे. उजवी बाजू मोकळी ठेवा, दुरुस्त करणाऱ्याचं नाव आणि गाव लिहायला. बंद वस्तूंची यादी लोकांसमोर मांडायला लाज वाटू देऊ नका. ती मांडल्यानंच माणसं पुढं येतील. आणि वाचकहो, तुमच्या हाताला हुन्नर असेल तर येत्या सुट्टीला जवळच्या दवाखान्यात जा आणि सिस्टरना विचारा, "इथं काय काय बंद आहे?" हुन्नर नसेल तर एखाद्या वायरमनला, प्लंबरला सोबत घेऊन जा, सामानाचे पैसे तुम्ही द्या, आणि परत निघण्याआधी फळ्यावर त्याचं नाव लिहा.